पेनांगला जहाज नऊ तास थांबणार, त्यात फूड वॉक बसतो का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ, जहाज मलेशियातल्या पेनांगला दुपारी १२ ला लागणार आणि रात्री ९ ला सुटणार. तुम्ही पाच जण, सासूबाई पक्क्या शाकाहारी म्हणजे अंडंसुद्धा नाही, सासरे ७१ वर्षांचे, गुडघे आणि शुगर दोन्ही आहे, मुलगा १२ वर्षांचा आणि त्याला सगळं चालतं. जहाजावरची टूर घ्यावी, बाहेरचा गाईड घेऊन चालत खात फिरावं, की आपलं आपणच उतरून हिंडावं, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्याचा, अठरा-एकोणीस वर्षं झाली ग्रुप घेऊन फिरतोय आणि पेनांगच्या धक्क्यावर इतक्या वेळा उतरलोय की आता तिथला उकाडा ओळखीचा वाटतो. माझं सरळ मत, बाहेरचा स्थानिक गाईड घ्या, फक्त तुमच्या पाच जणांसाठी, चालत, आणि तीन साडेतीन तासांच्या वर नको.

पण हे पेनांगपुरतं बरं का, नाहीतर उद्या कोणी लेम चाबांगला उतरून बँकॉकमध्ये फूड वॉक करायला निघेल आणि मला शिव्या घालेल. लेम चाबांग ते बँकॉक सव्वाशे किलोमीटर आहे, जाऊन येऊन चार तास बसमध्येच जातात. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर त्या मानाने जवळ पण तिथेही तासभर लागतो आणि ट्रॅफिक लागलं की विचारू नका. अशा बंदरांवर गुपचूप जहाजाची टूर घ्यावी कारण ती उशीरा आली तर जहाज थांबतं, तुमच्या खाजगी टॅक्सीसाठी ते थांबत नाही. पेनांगची गंमत अशी की स्वेटनहॅम पिअर, म्हणजे तिथला क्रूझचा धक्का, शहरातच आहे. गेटबाहेर आलात की पाच मिनिटांत राणी व्हिक्टोरियाचं घड्याळाचं टॉवर दिसतं, तिच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली म्हणून वर्षाला एक फूट असं ६० फुटी बांधलेलं, आणि नीट बघितलंत तर किंचित कललेलं, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बिंगमुळे. शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस, हो तोच शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातला कॉर्नवॉलिस. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाईट इथे उतरला, आणि या किल्ल्याभोवती जे जॉर्ज टाऊन वसलं ते २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. म्हणजे बघायचं आणि खायचं बरंचसं धक्क्यापासून वीस-पंचवीस मिनिटं चालण्याच्या आत. अशा ठिकाणी चाळीस जणांच्या बसमध्ये बसून पेनांग हिल आणि मोठं बौद्ध मंदिर करून यायचं, आणि जॉर्ज टाऊन खिडकीतून बघायचं, मला तरी पटत नाही. (हिल चांगली आहे, पण तुमच्याकडे एकच दिवस आहे.)

आता वेळेचं बघा, कारण सगळे इथेच फसतात. १२ ला लागणार म्हणजे तुम्ही १२ ला बाहेर नसता, जहाज बांधून क्लिअरन्स होऊन लाईन सुरू होईपर्यंत पाऊण-एक तास सहज जातो. आणि ९ ला सुटणार म्हणजे सगळ्यांनी आत असायची वेळ अर्धा ते एक तास आधीची असते, ती रोजच्या छापील पत्रकात किंवा ॲपवर असते, तीच धरायची. म्हणजे नऊ तासांचे सात झाले. शिवाय एक बारीक गोष्ट, सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच आहे पण तुमची क्रूझ पुढे फुकेतला जाणार असेल तर थायलंड एक तास मागे, आणि जहाज कधी आपलं घड्याळ बदलतं, कधी बदलत नाही. मोबाईल मात्र आपोआप बदलतो. म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून सासऱ्यांच्या हातात बांधा, त्यांनाही काम मिळेल.

एकदा माझ्याच ग्रुपबरोबर असं झालं की गाईडने शेवटचा थांबा गावाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता, तिथला नूडलवाला म्हणे सगळ्यात भारी, आणि संध्याकाळचं ट्रॅफिक लागलं. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा बारा मिनिटं उरली होती आणि एक काका चप्पल हातात घेऊन धावत होते. तेव्हापासून माझा नियम, लांबचं आधी करायचं आणि शेवटचा घास धक्क्याच्या दिशेने. गाईडला बुकिंगच्या वेळीच हे सांगा, नुसतं 'वेळेत सोडा' म्हणून भागत नाही, 'शेवटचं ठिकाण धक्क्यापासून किती मिनिटांवर आहे' असं विचारा.

तुमची दुपारची वेळ जरा अडचणीची आहे हे मी लपवत नाही. पेनांगचे बरेच हॉकर, म्हणजे खाण्याच्या गाड्या लावणारे, सकाळ-दुपारचे असतात आणि तीनच्या सुमारास आवरतात, रात्रीचे पाच-सहानंतर गाड्या लावतात, मधले दोन तास म्हणजे आपल्याकडच्या दुपारच्या बाजारासारखी सुस्ती. त्यात ऊन बत्तीस डिग्रीचं आणि दमटपणा असा की शर्ट पाठीला चिकटतो. त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर जहाजावर जेवलो नसतो (बुफे बघून मोह होतो, आवरा), १ ला उतरून थेट लिटल इंडियात जेवायला बसलो असतो, पंख्याखाली, निवांत. साडेतीनला गाईडला तिथेच बोलवायचं आणि सातला धक्का. काही गाईड दुपारी दीडलाच सुरू करू म्हणतात कारण त्यांना संध्याकाळचा दुसरा ग्रुप घ्यायचा असतो, नको म्हणा.

लिटल इंडिया म्हणजे लेबुह पासार, लेबुह पेनांग, लेबुह क्वीन हा पट्टा. लेबुह म्हणजे रस्ता, लोरोंग म्हणजे गल्ली. बहुतेक तमिळ वस्ती, गजरे, पितळेची भांडी, स्पीकरवर गाणी, आणि केळीच्या पानावर शुद्ध शाकाहारी जेवण देणारी दक्षिण भारतीय हॉटेलं. सासूबाईंचं खरं जेवण इथेच होऊ दे, पोट भरलेलं असलं की मग पुढे त्या 'मी नुसती बघते' म्हणाल्या तरी कोणाला टोचत नाही. इथल्याच लेबुह क्वीनवर महामारिअम्मन मंदिर आहे, १८३३ चं, पण दुपारी बंद असतं तेव्हा जेवणाआधी दर्शन घेऊ असं ठरवू नका, चार-साडेचारनंतर जा. त्याच भागात जालान मस्जिद कापितान केलिंग नावाचा रस्ता आहे, त्यावर १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, चिनी लोकांचं दयेच्या देवीचं मंदिर, आणि १८०१ ची, भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी उभी केलेली मशीद. दहा मिनिटांच्या चालीत सगळे देव. बाहेरून बघा, चिनी मंदिरातल्या उदबत्त्यांच्या धुराने सासऱ्यांना खोकला आला तर लगेच पुढे चला.

चालण्याबद्दल एक. तिथल्या जुन्या दुकानांपुढे सलग ओटीसारखा आच्छादलेला पट्टा असतो, काकी लीमा म्हणतात, म्हणजे पाच फुटी. उन्हापावसात वरदानच, पण प्रत्येक दुकानाची फरशी वेगळ्या उंचीची, मध्येच पायरी, मध्येच कोणाची मोटरसायकल, गुडघेवाल्यांसाठी सपाट रस्ता बरा असं वाटायला लागतं. फोल्डिंग काठी न्या. दम लागला तर तिथे बेचा मिळते, तीनचाकी सायकलरिक्षा, प्रवासी पुढे बसतो, तासाचे पैसे आधी ठरवा. नाहीतर ग्रॅब, म्हणजे ॲपवरून बोलवायची टॅक्सी, आहेच.

आता खाण्याकडे येतो.

सासूबाईंसाठी 'व्हेजिटेरियन' हा शब्द तिथे पुरत नाही, हे मी स्वतः माती खाऊन शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका आजींना मी छातीठोकपणे रोटी चनाई खायला बसवलं, पराठ्यासारखीच पापुद्र्याची रोटी आणि वाटीत डाळ, म्हटलं यात काय असणार. आजींनी दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला वाटीच्या तळातून हाड वर आलं. तिथल्या मामक लोकांची ती डाळ, दालचा म्हणतात, ती बऱ्याच ठिकाणी मटणाच्या हाडांबरोबर शिजते. आजी काही बोलल्या नाहीत, पाणी प्यायल्या आणि दोन दिवस जहाजावर फक्त फळं खाल्ली. ती चूक माझी होती, हॉटेलवाल्याची नाही, मी विचारलंच नव्हतं. (मामक म्हणजे तमिळ मुसलमान, तमिळमध्ये मामा म्हणजे आपलाच मामा, त्यावरून तो शब्द आला.)

तर आता मी पदार्थाचं नाव सांगत नाही, काय काय नको ते सांगतो, एकेक. दागिंग म्हणजे मांस, आणि बहुतेक वेळा ते बीफ असतं हे तुम्हा सगळ्यांसाठीच महत्त्वाचं. आयाम कोंबडी, इकान मासा, उदांग कोळंबी, तेलुर अंडं, बाबी डुक्कर. आणि दोन छुपे, ब्लाचान म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण, आपल्या जवळ्याचा उग्र भाऊ, ते चटणीत, भाजीत, कुठेही असतं, आणि इकान बिलिस म्हणजे सुके बारीक मासे, रश्श्याला चव यायला घालतात. हिरवीगार कांगकुंगची भाजी दिसते पालेभाजी, पण ब्लाचानमध्ये परतलेली असते. हे सगळं कागदावर लिहून गाईडला एक दिवस आधी पाठवा, आणि त्याने उत्तरात 'नो प्रॉब्लेम' एवढंच लिहिलं तर दुसरा गाईड शोधा. चांगला गाईड उलट विचारतो, कांदा लसूण चालतो का, एकाच कढईतलं चालतं का, सॉसमध्ये ऑयस्टर असेल तर. चिनी शाकाहारी हॉटेलं हा एक चांगला पर्याय आहे, त्यांच्या धार्मिक जेवणात कांदा-लसूणही टाळतात, फक्त तिथे सोयाचं नकली मासा-मटण हुबेहूब बनवून मिळतं आणि ते बघून आपली मंडळी हादरतात, आधी सांगून ठेवा.

सासूबाईंना निर्धास्त देता येईल असा पदार्थ म्हणजे चेंडोल. बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, ताडगुळाचा काकवीसारखा पाक, राजमा, आणि तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया, पांदानच्या पानाचा वास असलेल्या. राजमा गोडात ऐकून नाक मुरडतील, एक चमचा खाल्ला की वाटी सोडणार नाहीत. जालान पेनांगच्या बाजूच्या लेबुह केंग क्वीमध्ये त्याची प्रसिद्ध गाडी आहे, लाईन असते पण पुढे सरकते. हे धक्क्यापासून लांबातलं, म्हणून पहिल्या तासात.

तुम्ही दोघं आणि मुलगा यांच्यासाठी मात्र मेजवानी आहे. मला विचाराल तर एकच पदार्थ खायचा असेल तर आसाम लाक्सा, म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातले नूडल. आणि हे मी मालवणी जिभेने बोलतोय. त्यातला मासा इकान केंबुंग, म्हणजे आपला बांगडा. उकडून, काटे काढून, कुस्करून रश्श्यात सोडलेला, आंबटपणाला चिंच आणि आसाम केपिंग नावाच्या सुकवलेल्या चकत्या, त्या कोकमाच्याच कुळातल्या फळाच्या. वर पुदिना, काकडी, अननस, कांदा, जाड पांढरे तांदळाचे नूडल, आणि शेवटी चमचाभर काळा घट्ट कोळंबीचा पाक, तो ढवळल्याशिवाय खायचं नाही. पहिला घोट घेतल्यावर मला आईचं बांगड्याचं तिखलं आठवलं, फक्त कोणीतरी त्यात आल्याच्या जातीचं गुलाबी फूल चिरून टाकलं होतं. नारळ नसतो त्यात, दुसऱ्या शहरांतला लाक्सा नारळाच्या दुधाचा असतो, तेव्हा गाईडला नुसतं 'लाक्सा' म्हणू नका.

दुसरं 'चार क्वे तिओ'. सपाट तांदळाचे नूडल मोठ्या आचेवर, कोळंबी, शिंपल्या, मोड, अंडं, आणि पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी, ती नको असेल तर हलाल गाडी शोधायला सांगा. हे करणारा गाडीवाला एका वेळी एक किंवा दोनच प्लेट करतो, आठ-दहा एकदम टाकल्या तर कढईची आच पडते आणि नूडल वाफेत शिजल्यासारखे गिळगिळीत होतात. एकदा मी मुद्दाम गाडीला टेकून मोजलं, तेल, लसूण, नूडल, सोया, कडेला सरकवून अंडं, मोड, शिंपल्या शेवटच्या काही सेकंदांत, सगळं मिळून दीड-दोन मिनिटं, आणि तो माणूस एकदाही वर बघत नाही. आता हिशोब करा, पंधरा जणांच्या ग्रुपमध्ये शेवटच्या माणसाला प्लेट मिळेपर्यंत पहिल्याची पचलेली असते. म्हणून म्हणतो पाच जणांचाच वॉक. आणि वाटून खा, पाच थांब्यांवर प्रत्येकी एक एक प्लेट घेतलीत तर तिसऱ्या थांब्यावरच आडवे व्हाल.

नासी कांदार पण चाखा, भात आणि त्यावर चार-पाच रस्से एकमेकांत मिसळून. कांदार म्हणजे कावड, पूर्वी भारतीय मुसलमान फेरीवाले एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला रस्सा अशी कावड खांद्यावर घेऊन फिरायचे, त्यावरून नाव. इथे बीफचा रस्सा शेजारीच असतो आणि डाव इकडचा तिकडे जातो, चालत नसेल तर सोडून द्या, उगाच मनात शंका घेऊन खाऊ नये.

सासऱ्यांच्या शुगरसाठी दोनच शब्द. 'कोसोंग' म्हणजे रिकामं, बिनसाखरेचं, आणि 'कुरांग मानिस' म्हणजे गोड कमी. तेह तारिक, तो उंचावरून ओढून फेसाळ केलेला चहा, कन्डेन्स्ड मिल्कचा असतो, त्यांनी नाही घेतला तर बरं. तेह ओ कोसोंग म्हणा, काळा चहा बिनसाखरेचा येईल. कोपीतियाममध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या चहा-कॉफीच्या हॉटेलात, खाण्याच्या गाड्या वेगवेगळ्या मालकांच्या आणि पेयं हॉटेलमालकाची, त्यामुळे टेबल अडवलंत तर काहीतरी प्यायला मागवावंच लागतं, त्यात फसवणूक नाही. गोळी-इन्सुलिनची वेळ मात्र गाईडवर सोडू नका, हॉकरकडे वीस मिनिटं की चाळीस हे कोणी सांगू शकत नाही, खिशात बिस्किटं ठेवा.

मुलाला भिंतीवरची चित्रं आवडतील. लेबुह आर्मेनियनवर खरी सायकल भिंतीला लावून तिच्यावर दोन मुलं रंगवलीत, अर्नेस्ट झाकारेविच नावाच्या लिथुआनियन चित्रकाराने २०१२ मध्ये, फोटोला लाईन असते. तिथून च्यू जेट्टी जवळ, समुद्रात खांबांवर लाकडी फळ्यांची गल्ली आणि दोन्ही बाजूला च्यू आडनावाच्या लोकांची घरं. संध्याकाळच्या उन्हात छान दिसतं. लोक राहतात तिथे, दाराशी आजी टीव्ही बघत बसलेली असते, तेव्हा मोबाईल घेऊन आत डोकावू नका, आपल्या चाळीत कोणी असं केलं तर आपण काय म्हणू. जेट्टीवरून पाण्याच्या कडेकडेच्या रस्त्याने परत धक्का, पंधरा-वीस मिनिटं, सासऱ्यांना गाडी. हाच शेवट धरा.

गाईड निवडताना परवाना बघा, मलेशियात गाईडला सरकारी लायसन्स लागतं आणि ते गळ्यात असतं. खाण्याचे पैसे फीमध्ये धरलेत की वेगळे, आणि पाऊस आला तर काय, एवढं आधी लेखी घ्या, कारण तिथे दुपारी धो धो येतो आणि तासाभरात थांबतो. टीपची सक्ती तिथे नसते, आवडलं तर द्या. गाड्यांवर सुटे रिंगिट (तिथलं चलन) लागतात, सगळीकडे कार्ड चालेल या भरवशावर राहू नका. जहाजाचं कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळी, सगळ्यांची एकाच पर्समध्ये नको. आणि हे आजच बघा, सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, कारण क्रूझवरून तुम्ही सिंगापूरमध्ये पुन्हा शिरणार आहात. मलेशियाची कागदपत्रं काय लागतील ते क्रूझ कंपनीकडून लेखी मागवा, नियम बदलत राहतात.

राहिली खरेदी. शिजवलेलं खाणं जहाजावर आत नेऊ देत नाहीत, पॅकबंद चालतं. सासूबाई नक्की छोटी गोल बिस्किटं उचलतील, ताउ सार प्नेआह, मुगाच्या सारणाची, दुकानदार प्रेमाने चाखायला पण देतो. पारंपरिक कृतीत ती डुकराच्या चरबीत करतात, व्हेजिटेरियन छापलेला डबा वेगळा मिळतो, तो मागा आणि चाखायचा तुकडाही त्याच डब्यातला घ्या. त्यापेक्षा जायफळाच्या फळाचं गोड लोणचं घ्या, पेनांगला जायफळ पिकतं आणि आपण टाकून देतो ते वरचं टरफल ते साखरेत मुरवतात. माझ्या घरी एक बरणी नेली होती, आईने वास घेतला आणि म्हणाली, अरे हे तर आपल्या परसातलं.